माझ्या तोंडातला बोळा

मी पंखा बोलतोय. पण ओळख करून घ्यायची घाई करू नका. तुमच्या डोक्यावर गरगरतो, घाम वाळवतो, दुपारची झोप आणतो, तो माझा भाऊबंद. मी तो नव्हे. मी वारा घालत नाही, मी ओढतो. आतली घाण हवा तोंडानं ओढायची आणि पाठीमागून डोंगराकडे फेकून द्यायची, एवढ्याच कामासाठी मला घडवलं. आणि आयुष्यातली कितीतरी वर्षं मी हे एकच काम केलं नाही. केलं नाही म्हणजे मला करू दिलं नाही. माझ्या तोंडात बोळा कोंबला होता. आता तो निघालाय म्हणून बोलतोय. आवाज जरा चढला तर वाईट वाटून घेऊ नका. गोड बोलावं असं काही घडलेलंच नाही.

माझा जन्म फ्रुंझे शहरातल्या कारखान्यातला. त्या शहराचं नाव आता बदललंय. ज्या देशानं मला घडवलं, तो देशही नकाशावर उरला नाही. मी मात्र आहे. लोखंडाचं हे एक बरं असतं. चार रुंद पाती, पुढे जाळी, मागे मोटर आणि दोघांना जोडणारा रबरी पट्टा, असा माझा संसार. ट्रकमध्ये गवतात गुंडाळून मला कारा-जार या डोंगराळ गावात आणलं आणि दगडाच्या शेडमध्ये उत्तरेच्या भिंतीला भोक पाडून सिमेंटनं पक्कं बसवलं. खाली करवती, समोर दगड कोरायचे ओटे. वरून मला सगळं दिसायचं.

तेव्हा शेड सरकारी होती. भिंतीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: आधी पंखा, मग करवत. ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. महिनाअखेरीस काम पुरं करायची घाई झाली की ती अक्षरं कुणाला दिसत नसत. पण मला बंद ठेवलं तर निदान कुणीतरी कुणालातरी जाब विचारायचं. मग देश फुटला, शेडला कुलूप लागलं, करवती विकल्या गेल्या, खिडक्यांच्या काचा चोरीला गेल्या. मला काढायचं तर भिंत पाडावी लागली असती, म्हणून मी राहिलो. चिमण्यांनी माझ्यात घरटं केलं. ते मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

मग कापारबेक आला. त्यानं शेड घेतली आणि थडग्यांचे दगड करायला सुरुवात केली. काळा, चकचकीत दगड. वर मेलेल्या माणसाचा चेहरा कोरायचा, खाली नाव आणि दोन सालं. जिवंतपणी ज्याला धड फोटो काढायला सवड मिळाली नाही, त्याचाही चेहरा दगडावर हवाच. आमच्याकडे मेलेल्याचा मान मोठा. धंदा असा चालला की कोपऱ्यात उभे केलेले दगड पाहून वाटावं, अर्ध्या तालुक्याची माणसं इथं रांगेत उभी आहेत.

चेहरे कोरायचा तोलोगोन. रुंद छातीचा, डोंगरावर कळपामागे धावत वाढलेला माणूस. कुणी फोटो घेऊन आलं की तो फोटो नुसता हातात धरी आणि विचारी, "हसायचा कसा?" घरचे गोंधळत. मग म्हातारी आई सांगू लागे, की असा हसायचा, डावीकडचा ओठ आधी उचलायचा. तोलोगोन मान हलवी आणि कामाला लागे. दगड न्यायला आलेली माणसं तो पाहून तिथेच रडत. त्यात तोलोगोनला कौतुक मिळे आणि कापारबेकला नवी गिऱ्हाइकं.

तोलोगोनच्या शेजारच्या ओट्यावर ओरमोश. बारीक अंगाचा, जिभेनं तिखट. तो अक्षरं कोरायचा आणि दिवसभर बडबडायचा. तोलोगोनला तो आके म्हणे, म्हणजे वडीलधारा. पण चेष्टा करताना वय बघत नसे.

पहिल्या वर्षी कापारबेकनं मला चालवलं. तेल घातलं, नवा पट्टा चढवला. मग जानेवारी आला. आमच्याकडचा जानेवारी म्हणजे दाराची कडी बोटाला चिकटते, नळातलं पाणी नळातच दगड होतं. पाणी गोठलं म्हणून दगडावर पाणी सोडून कापायचं बंद झालं. सगळं काम कोरडं. आणि कोरड्या दगडावर ग्राइंडर लावला की जो ढग उठतो तो मलाच ठाऊक.

त्यात मी ऊबही ओढत होतो. हा माझा दोष म्हणा. पण तो मी कधी लपवला नाही. आतली हवा बाहेर टाकायची तर शेगडीनं तापवलेली हवाही तिच्याबरोबर जाणारच. तोलोगोनची बोटं छिन्नीवर आखडू लागली. ओरमोश माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "हा पंखा कापारबेक आकेचा नोकर नाही. हा थंडीचा घरजावई आहे."

एक दिवस कापारबेक आत आला, हात चोळत. "बंद करा ते धूड," म्हणाला. "मी कोळसा आणतो तो शेड तापवायला. डोंगर तापवायला नाही."

सगळे हसले. मला बंद केलं तेव्हा कुणी 'नको' म्हटलं नाही. मी थांबलो तरी भोकातून वारा येतच होता. दुसऱ्या दिवशी तोलोगोननं घरून नमद्याचा एक मोठा तुकडा आणला. मेंढीची लोकर भिजवून, तुडवून, लाटून केलेला जाड नमदा. काठाला लाल मेंढशिंगांची नक्षी. शिडी लावून तो वर चढला आणि माझी जाळी काढून त्यानं तो नमदा पात्यांमध्ये ठासून भरला. मग माझ्यावर थाप मारून म्हणाला, "झोप आता, म्हाताऱ्या."

मी झोपलो नाही. मी बघत होतो.

त्या वसंतात राजधानीतून एक माणूस आला होता, यंत्रं विकणारा. ओट्यांवरची धूळ बोटानं पुसून त्यानं कापारबेकला सांगितलं, "प्रत्येक ओट्याजवळ एक नळी बसवा आणि ती या पंख्याला जोडा. धूळ उठते तिथेच ओढली जाईल, ऊब फारशी जाणार नाही. खर्चही फार नाही. नाहीतर तुमची माणसं आजारी पडतील."

कापारबेक म्हणाला, "माणसं काय, आजारी पडतातच."

हे शब्द मी या कानांनी ऐकलेत. मला कान नाहीत असं तुम्ही म्हणाल. ज्यांना होते त्यांनी तरी काय केलं?

आणि कापारबेकला धुळीचं कळत नव्हतं असं समजू नका. त्यानं स्वतःसाठी शेडपासून दूर, फाटकाशी वेगळी खोली बांधली. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. आत यायचं झालं तर रुमाल नाकाला. अंगणात त्याची नवी गाडी उभी असे. तिच्यावर रोज सकाळी ताडपत्री चढे आणि संध्याकाळी उतरे, काचेवर ओरखडा पडू नये म्हणून. गाडीला अंगडं-टोपडं, आणि माणसांच्या नाकावर जाळीदार कापडाचा एक तुकडा, ज्यातून पीठही गळून पडेल.

तुम्हाला वाटतं, धूळ म्हणजे दिसते ती. भुवयांवर बसते, टोपी पांढरी करते, चहावर तरंगते. ती बिचारी साधीभोळी. नाकात अडकते, शिंकेबरोबर बाहेर पडते. मारते ती न दिसणारी. सगळे घरी गेले, दार लागलं, तरी ती खाली बसत नाही. सकाळी पहिला कवडसा आत येतो तेव्हा ती त्यात निवांत फिरत असते, जणू शेड तिच्या बापाची. तिला ओढून बाहेर फेकायला मी होतो. आणि माझ्या तोंडात नमदा होता.

वर्षं गेली. तोलोगोन आधी नुसता खाकरायचा. मग कोरडा खोकला. मग दगडाचं एक टोक एकटा उचलणारा हा माणूस दगड उचलायला दोघांना हाक मारू लागला. ओरमोश म्हणे, "आके, बायकोनं फार लाडावलंय तुम्हाला." तोलोगोन हसे, आणि हसण्यातून खोकला सुटे. गावच्या दवाखान्यात सांगितलं, क्षय. महिनोन्‌महिने मूठभर गोळ्या. शेडमध्ये त्याचा चहाचा कटोरा वेगळा ठेवला गेला. कुणी तोंडानं काही बोललं नाही, पण त्या कटोऱ्याला कुणी हात लावत नसे. तोलोगोन तो स्वतः विसळून खिळ्याला टांगी. कुणीतरी सांगितलं, कुत्र्याची चरबी गरम करून प्या, छाती मोकळी होते. तीही झाली.

"जपून हं," ओरमोश म्हणाला, "उद्या भुंकायला लागाल."

"भुंकायलाही... दम लागतो," तोलोगोन म्हणाला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मग एके दिवशी त्याच्या ओट्यावर त्याची छिन्नी राहिली आणि तो आला नाही. काही आठवड्यांनी त्याची बायको आली. ऊलकान. चाळिशीची, डोक्याला घट्ट रुमाल, चालणं ताठ. घर चालवायचं तर कुणीतरी यायलाच हवं होतं. कापारबेकनं तिला दगड घासून झिलई द्यायच्या यंत्रावर उभं केलं. ओरमोश तिला एजे म्हणू लागला, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. दुसऱ्या दिवसापासून तिच्याही भुवया पांढऱ्या.

शिशिर लागता लागता ती तोलोगोनला घेऊन राजधानीला गेली, छातीच्या मोठ्या दवाखान्यात. परत आली ती कामाच्या कपड्यांतच, दुपारच्या चहाच्या वेळी. सगळे शेगडीभोवती बसले होते. तिनं बसायच्या आधीच सांगितलं.

"क्षय नाही. डॉक्टरीण म्हणाली, छातीत दगड आहे."

"म्हणजे?" ओरमोशनं विचारलं.

"मीही म्हटलं, बाई, चेष्टा करू नका. तिनं छातीचा फोटो उजेडासमोर धरला. आत नुसते पांढरे ठिपके, बर्फ भुरभुरावा तसे. म्हणाली, दगडाचा बारीक चुरा श्वासाबरोबर पार तळाशी जातो. शरीर आपले राखणदार पाठवतं, त्याला गिळायला. ते गिळतात आणि मरतात. दगड पचणार कसा? राखणदार मेला की चुरा पुन्हा मोकळा. मग दुसरे राखणदार येतात. तेही मरतात. जिथे जिथे ही झटापट होते तिथे वण पडतो. वणावर वण. असं करत फुप्फुस कडक होतं."

"कडक म्हणजे कसं, एजे?"

"घोडीचं दूध आंबवायची आपली कातडी पिशवी उन्हात विसरली तर कशी होते? तोंड उघडं असतं, पण फुगत नाही. तसं."

शेगडीतला कोळसा तडतडला. ओरमोशनं कटोरा खाली ठेवला. "मग इतके दिवस खाल्ल्या त्या गोळ्या?"

"दुसऱ्या कुणाच्या दुखण्याच्या."

"आता औषध?"

"दगड विरघळवायचं औषध नाही. आणि काम सोडलं तरी आत गेलेलं गप्प बसत नाही. खातच राहतं." ती सगळ्यांकडे पाहत म्हणाली, "तिनं विचारलं, तिथे धूळ ओढायला काही नाही का? मी म्हटलं, नाही. खरंच नाही ना?"

माणसाची मान खोटं बोलायला जिभेइतकी तयार नसते. दोन-तीन माना नकळत वर वळल्या, माझ्याकडे. ऊलकाननंही वर पाहिलं. धुळीच्या थराखाली जाळी, आणि जाळीच्या कडेतून बाहेर आलेला नमद्याचा एक कोपरा. ती जवळ आली. शिडीवर चढून तिनं बोटानं तो कोपरा पुसला. लाल मेंढशिंगं दिसली.

"हा माझा नमदा आहे," ती म्हणाली. "हा माझ्या हातचा टाका आहे. हा इथे कुणी आणला?"

ओरमोश जमिनीकडे बघत म्हणाला, "घरी जाऊन त्यांनाच विचार, एजे."

घरी त्यांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी भिंतीतला, मला शेडपलीकडचं दिसत नाही. ती रागावली असेल. रडली असेल. पण मी इथे एक सांगून ठेवतो, कारण पुढे पुष्कळांनी शहाणपणानं मान हलवून म्हटलं, "त्यानंच बोळा घातला होता ना?" हो, त्यानंच घातला. त्याची बोटं गोठत होती! थंडी वाजणं हा गुन्हा आहे का? ज्याला माहीत नव्हतं त्यानं ऊब मागितली. ज्याला सांगितलं गेलं होतं त्यानं नळ्या बसवल्या नाहीत. आता तुम्हीच सांगा, बोळा कुणी घातला.

पुढच्याच आठवड्यात तोलोगोन आला. ओरमोशनं त्याला घोड्याच्या घसरगाडीतून फाटकापर्यंत आणलं. तिथून त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. चहा ओतला तेव्हा तो फाटकात दिसला. चहावर साय धरली तरी तो दारात पोचला नव्हता. दोन पावलं टाकायची, थांबायचं, गुडघ्यावर हात ठेवून हवा शोधायची. ऊलकान मागून चालत होती, हात पुढे न करता. शेडमधली सगळी यंत्रं एकेक करून थांबली.

आत येऊन तो सरळ शिडीपाशी गेला.

"बोळा... मी घातला," तो म्हणाला. "काढायला... मीच आलोय."

त्यानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसरा उचलायचा होता. खांदे वर गेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या, ओठ निळे झाले. पाय उचलला गेला नाही. तो तिथेच पहिल्या पायरीवर बसला आणि लाजल्यासारखा हसला, डोंगर पायाखाली घातलेला माणूस.

"राहू दे," ऊलकान हळूच म्हणाली. "तू आलास, झालं."

ओरमोशनं टोपी काढून ओट्यावर ठेवली. "आके, जरा सरका," म्हणाला आणि त्याच्या खांद्यावरून शिडी चढला. त्यानं जाळी उपसली. नमदा इतक्या वर्षांत दगडासारखा घट्ट झाला होता. तो सुटला तेव्हा माझ्या तोंडातून धुळीचा लोट त्याच्या डोक्यावर कोसळला.

"घ्या! तोंड उघडल्या उघडल्या पहिली उलटी माझ्यावर," ओरमोश थुंकत म्हणाला. तोलोगोन हसला, खोकला, पुन्हा हसला.

पाती गंजली होती. त्यांनी ती हातानं फिरवली, तेल घातलं, मोडीतला एक पट्टा तासून चढवला. मी कण्हलो, करकरलो आणि फिरलो. खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत येत होती. तिच्यातली धूळ क्षणभर थबकली, मग वळली आणि माझ्याकडे यायला लागली. सगळे मान वर करून बघत राहिले. इतकी वर्षं जी आपल्या नाकाकडे येत होती, ती आता दुसरीकडे जाताना दिसत होती.

कापारबेक धावत आला, रुमाल नाकाला. "कुणी लावला?"

"आम्ही," ऊलकान म्हणाली.

"आणि कोळसा काय तुझा बाप देणार? हा इथे कशाला आणलास?" त्यानं तोलोगोनकडे पाहिलं आणि आवाज जरा मऊ केला. "तोलोगोन, तुझं वाईट वाटतं मला. पण हे सिगारेटनं होतं. सगळे ओढता तुम्ही."

"त्यानं आयुष्यात सिगारेट ओढली नाही," ऊलकान म्हणाली. "तुमचे दगड कोरताना दोन्ही हात गुंतलेले असत त्याचे."

"मग घराण्यातच असेल. आपले वाडवडील घोड्यांच्या टापांची धूळ खात नव्वदीला पोचले. धुळीनं कुणी मरत नाही."

"कापारबेक आके, तुमच्या गाडीवर ताडपत्री कशासाठी असते?"

"आता गाडीचं काय मध्येच?"

"सांगा ना. कशासाठी?"

"धूळ बसते, खराब होते..." तो बोलून गेला आणि थांबला.

"मग तुम्हाला ठाऊक होतं," ऊलकान म्हणाली.

कापारबेकचा चेहरा लाल झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा तो ओरडला, "ज्याला थंडीची एवढी हौस असेल त्यानं बाहेर जाऊन उभं राहावं!" आणि त्यानं वीजच तोडली. मी थांबलो.

ओरमोशनं ओट्यावरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि बाहेर गेला. त्याच्यामागे दुसरा. मग बाकीचे. शेवटी तोलोगोनचा दंड धरून ऊलकान. अंगणातल्या बर्फात ते सगळे उभे राहिले. कापारबेकला वाटलं, संध्याकाळपर्यंत पोटं त्यांना परत आणतील. आणली नाहीत. दुसऱ्या दिवशीही शेड रिकामी, तिसऱ्या दिवशीही. इकडे वसंत जवळ येत होता आणि वसंतात थडग्यांवर दगड बसवायची रीत. माणसं फाटकाशी येऊन विचारू लागली, "आमच्या वडिलांचा दगड कुठे?" मेलेल्यांची ओढ जिवंतांपेक्षा मोठी, कापारबेक नमला. पंखा चालेल, पण जास्तीचा कोळसा मिळणार नाही, असं म्हणाला. म्हणजे नमतानाही त्यानं त्यांना थंडीत उभं केलंच.

ते मेंढीच्या कातड्याचे कोट घालून काम करू लागले. माझ्या तोंडातला नमदा ऊलकाननं धुतला, कापला आणि सगळ्यांच्या बुटांत घालायला तळवे करून दिले. ओरमोशनं जुन्या शेगड्यांची धुराडी गोळा करून ओट्यांपासून माझ्यापर्यंत नळ्या आणल्या. वाकड्यातिकड्या, पण धूळ उठते तिथूनच ओढणाऱ्या. ऊब बरीचशी आतच राहू लागली. राजधानीतला तो माणूस हेच सांगत होता! ज्याला पैसा होता त्यानं इतकी वर्षं जे केलं नाही, ते यांनी भंगारातून केलं. याचं कौतुक करावं की कपाळ फोडून घ्यावं? मला फोडायला कपाळ नाही, म्हणून मी नुसता फिरत राहिलो.

तोलोगोन गवत हिरवं व्हायच्या आधी गेला. बसल्या बसल्याच गेला. आडवं पडलं की श्वास अडकायचा, म्हणून कित्येक रात्री तो उशांना टेकून बसूनच असे. ओरमोशनं हे सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडून एकही विनोद निघाला नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर ऊलकान कामावर आली. कापारबेक तिच्यापाशी आला. खरंच हळहळला होता, असं मला वाटतं. तेवढं मी त्याला देतो. "सगळ्यात चांगला दगड निवडून ठेवलाय," तो म्हणाला. "ओरमोश चेहरा कोरेल. तुला काही द्यायचं नाही. माझ्याकडून."

ऊलकाननं यंत्र थांबवलं. "नको."

"नको म्हणजे?"

"त्याच्या छातीत तुमचा दगड आहे तेवढा पुरे. वर आणखी कशाला ठेवता?"

"अगं, पण दगडाशिवाय थडगं? लोक काय म्हणतील?"

"लोक विचारतील, इतरांचे चेहरे कोरणाऱ्याच्या थडग्यावर दगड का नाही? विचारू देत. मी सांगेन. मला तेच हवंय."

कापारबेक रुमालाची घडी करत निघून गेला. ऊलकाननं यंत्र पुन्हा लावलं.

आता माझं म्हणाल, तर मी चालतोय. सांधे कुरकुरतात, एक पातं वाकलंय, पण चालतोय. कापारबेक हल्ली गिऱ्हाइकांना मला अभिमानानं दाखवतो. "आमच्याकडे कामगारांची काळजी घेतली जाते," म्हणतो. अशा वेळी माझी पाती मोडून त्याच्या पायाशी फेकावीत असं वाटतं. पण मी तसं केलं तर दुसऱ्या दिवशी धूळ कोण ओढणार?

बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी गत. हवेतली धूळ मी ओढतो, माणसाच्या छातीत शिरलेली मला ओढता येत नाही. ओरमोश अजून बडबडतो, पण हल्ली वाक्याच्या मध्ये थांबतो. डोळे मिचकावून दाखवतो, जणू विनोदाचं टोक राखून ठेवलंय. मला माहीत आहे तो कशासाठी थांबतो. ऊलकानलाही माहीत आहे.

तुमच्या गावातही कुठेतरी दगड फुटत असेल, कापला जात असेल, घासला जात असेल. घराच्या फरशा, देवळाचे खांब, स्वयंपाकाचे ओटे काही झाडाला लागत नाहीत. कधी त्या बाजूनं गेलात तर तिथल्या माणसांच्या भुवया बघा. भिंतीकडे बघा. माझ्यासारखं कुणी तिथे आहे का, आणि असेल तर ते फिरतंय का, एवढं विचारा. उत्तर म्हणून हसतील. हसू देत, तरी विचारा. क्षय म्हणतील, सिगारेट म्हणतील, घराणं म्हणतील. पुन्हा विचारा.

माझं बटण दाराशेजारी आहे, हाताला सहज येईल अशा उंचीवर. हलकं आहे. एका बोटानं दाबलं जातं.

एवढंच करायचं होतं.